खालचा कोपरा

निसरपूरच्या पाण्यात विजेचा एक खांब अजून उभा आहे. धरणाचं पाणी चढलं तसं जुनं गाव खाली गेलं, पण त्या खांबाचं दोनेक हात टोक वर राहिलं आणि त्यावर एक कवड्या खंड्या येऊन बसतो. काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. विनोदिनी जगदाळे त्याच्यासाठी धारहून तीनदा येऊन गेली होती. दोनदा तो आलाच नाही, तिसऱ्यांदा आला तेव्हा सूर्य डोळ्यांवर होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मात्र सगळं जुळून आलं. ऊन पाठीशी, वारा पडलेला, नाव स्थिर. खंड्या खांबावरून उडाला, पाण्यापासून वीसेक फुटांवर एकाच जागी पंख मारत थांबला, आणि विनोदिनीने कॅमेऱ्याच्या खिडकीला उजवा डोळा लावला.

खिडकीत खाली डावीकडे, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, काळं काहीतरी होतं.

तिने डोळा काढला, लेन्सच्या तोंडावर बोट फिरवलं, पुन्हा लावला. काळं तिथेच. पुढचं ऊन अडवणारं हूड तिरपं बसलं असेल म्हणून ते काढून परत फिरवून बसवलं. तोवर खंड्याने सूर मारला, मासा उचलला आणि तो पलीकडच्या काठाकडे निघून गेला.

“मॅडम, मिला?” नावाड्याने विचारलं.

“नहीं भैया. कॅमरा कुछ गडबड कर रहा है.”

हे वाक्य ती पुढचे दहा दिवस वेगवेगळ्या माणसांना, पण सगळ्यात जास्त स्वतःला, सांगणार होती.

विनोदिनी त्रेपन्न वर्षांची. धारच्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. नवरा शरच्चंद्र जबलपूरला नोकरीवर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. मुलगी श्रिया बंगलोरला. घरात रिकामपण आलं तसा कॅमेरा आला, आणि एकदा आला तो असा आला की पुढच्या सात वर्षांत घरातलं एक कपाट त्याने घेतलं. जुनी आरशाची जाडजूड बॉडी, दोन छोट्या लेन्स, पक्ष्यांसाठीची ती लांब भोपळ्याएवढी जड लेन्स. दसऱ्याला त्यात एक मिररलेस, बिनआरशाची बॉडीही आली होती, इंदूरच्या एका हौशी माणसाने वर्षभर वापरलेली. हलकी, झटपट, उडत्या पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणारी. जुनी लेन्स तिला सरळ बसत नसे, मध्ये ॲडॉप्टर लागे. त्यामुळे निसरपूरहून परतताना जीपमध्ये विनोदिनीच्या मनात निकाल तयारच होता. हा ॲडॉप्टरचा दोष. नाहीतर बॉडीच्या खिडकीचा. वापरलेला माल म्हटला की असं व्हायचंच.

खरं तर त्याआधीही काही गोष्टी झाल्या होत्या. नवरात्रात एका संध्याकाळी उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखी झाली आणि शेजारी कुणी फ्लॅश मारला का म्हणून तिने वळून पाहिलं होतं. शेजारी कुणी नव्हतं. मग आकाशाकडे कॅमेरा धरला की बारीक काळे ठिपके तरंगताना दिसू लागले. सेन्सरवर धूळ बसली म्हणून तिने रबरी फुग्याने सेन्सर फुंकून काढला, एकदा सोडून चारदा. ठिपके काही गेले नाहीत, पण फोटोतही आले नाहीत. याचा अर्थ काय, हे अकरावीच्या पोरीने सांगितलं असतं. विनोदिनीने तो अर्थ काढला नाही.

सोमवारी शाळेतून येऊन ती गच्चीवर गेली. समोरच्या घराची भिंत नुकती चुन्याने पांढरी केलेली, तपासणीला याहून चांगली जागा नाही. नवी बॉडी आणि लांब लेन्स: कोपरा काळा. ॲडॉप्टर काढला, जुनी बॉडी लावली: कोपरा काळा. लांब लेन्स काढून छोटी लावली: कोपरा काळा. तिने वहीत रकाने आखले. बॉडी, लेन्स, ॲडॉप्टर, हूड. प्रॅक्टिकलला ती मुलींना हेच घोकून घ्यायची, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते लिहा. ती एकेक गोष्ट बदलत गेली, लिहीत गेली. डोळ्याचा रकाना तिने आखला नाही.

फोटो मात्र स्वच्छ होते. कॉम्प्युटरवर दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र. म्हणजे दोष फक्त खिडकीत, असं तिने लिहिलं. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांच्या दोन वेगळ्या खिडक्या एकाच दिवशी, एकाच कोपऱ्यात कशा बिघडतील, हा प्रश्न तिच्या मनाच्या दारापर्यंत आला आणि तिने दार लावून घेतलं.

गुरुवारी तो कोपरा राहिला नव्हता. काळं वर चढून खिडकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आलं होतं. त्याची कड सरळ नव्हती, किंचित फुगीर होती आणि डोळा हलवला की हलायची. तिने कॅमेरा पिशवीत घातला, पिशवी कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. घरात दुसरं कुणी नव्हतं. किल्ली कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

त्या दिवसापासून एक गोष्ट ती कसोशीने सांभाळू लागली. डावा डोळा एकटा मिटायचा नाही. तोंड धुताना दोन्ही डोळे एकदम मिटायचे, एकदम उघडायचे. केस डाव्या डोळ्यावर आले तर घाईघाईने मागे सारायचे. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं दिसायचं, फळा, मुली, भाजी, रस्ता. फक्त शनिवारी शाळेच्या जिन्याची शेवटची पायरी पायाला सापडली नाही आणि ती हात टेकून खाली बसली. “मॅडम, लगी तो नहीं?” म्हणत मुली धावल्या. “नई चप्पल है,” ती म्हणाली. चप्पल दोन वर्षांची जुनी होती.

शरच्चंद्राचा रोज संध्याकाळी फोन यायचा. “काय म्हणतोय तुझा खंड्या?” तो विचारायचा. “कॅमेरा बिघडलाय,” ती सांगायची. “मग दुरुस्तीला दे की.” “देते.”

अक्काची आठवण तिने या दिवसांत जवळ येऊ दिली नाही. अक्का म्हणजे तिची आत्या, वडिलांची थोरली बहीण. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिचे दोन्ही डोळे गेले, पाच महिन्यांच्या अंतराने. घरात सगळे म्हणत, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. तसं असेल तर आपल्याला कसली भीती? आपल्याला मोतीबिंदू नाही. अक्काचं वेगळं होतं, हे ती जपासारखं मनात म्हणायची, आणि म्हणायची याचाच अर्थ अक्का तिच्या मनातून जात नव्हती.

अक्का आता चौऱ्याऐंशीची, देवासला मानाजीकडे होती. मानाजी विनोदिनीचा धाकटा भाऊ, एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होता आणि त्यालाही फोटोंचा नाद. त्याच्याकडे तिच्याच जातीची बॉडी होती. बुधवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी आली, तेव्हा विनोदिनीने त्याला फोन केला. “मी येतेय. तुझी बॉडी माझ्या लेन्सला लावून बघायचीय.”

“त्यासाठी एवढ्या लांब येतेस, जिजी? मी येतो ना रविवारी.”

“नाही. मीच येते.”

धारहून इंदूर, इंदूरहून देवास. इंदूरला बस बदलताना समोरच डोळ्यांच्या दवाखान्याची मोठी पाटी होती, तीवर हसऱ्या बाईचे दोन टपोरे डोळे. विनोदिनी मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी घट्ट धरून दुसरीकडे बघत बसली. देवासची बस सुटली, पाटी मागे गेली, तेव्हा तिने श्वास सोडला.

मानाजीच्या गच्चीवरून टेकडी समोर दिसते. उंच दगडी डोंगर, वर देवीचं ठिकाण, खाली गावाची घरं डोंगराला बिलगलेली. त्याने आपली बॉडी तिच्या हातात दिली. “घे. आपल्या बॉडीत सगळं चकाचक आहे. लाव डोळा.”

तिने लावला. टेकडीचा माथा होता, वरची झाडं होती, निळं आकाश होतं. त्याच्या खाली काही नव्हतं. पायऱ्या नाहीत, घरं नाहीत, डोंगराचा पायथा नाही. माथा नुसता काळ्यावर तरंगत होता.

“तुझ्याही कॅमेऱ्यात आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“काळं. खालून.”

मानाजीने तिच्या हातून कॅमेरा घेतला, स्वतःच्या डोळ्याला लावला, टेकडीकडे पाहिलं. मग तिची बॉडी पिशवीतून काढून तिच्यातूनही पाहिलं. रोज हजार वस्तू उलटसुलट करून दोष शोधणारा माणूस तो. त्याला वेळ लागला नाही. त्याने दोन्ही कॅमेरे कठड्यावर ठेवले.

“जिजी, डावा डोळा मीट.”

“कशाला?”

“मीट ना.”

“मानू, आपण सर्व्हिस सेंटरला आधी फोन करू. दोन्ही बॉडींचं काहीतरी...”

“जिजी.”

तिला डोळा मिटता येईना. पापणीच ऐकेना. शेवटी त्याने पुढे होऊन आपला तळहात तिच्या डाव्या डोळ्यावर धरला, लहान मुलाचा डोळा झाकतात तसा हलकेच. तिच्यासमोर दीड हातावर भावाचा चेहरा होता. कपाळ दिसलं, भुवया दिसल्या, घाबरलेले डोळे दिसले. डोळ्यांखाली चेहरा संपला.

“तुला हनुवटी नाही,” विनोदिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “मानू, तुला तोंडच नाहीये.”

मानाजीने हात काढला. त्याची हनुवटी परत आली, पण आता त्याला अर्थ नव्हता. ती कठड्याला टेकून खाली बसली.

“कधीपासून?”

“थोडे दिवस झाले. अक्काला सांगू नकोस.”

पण आंधळ्या माणसापासून लपवायचं म्हणजे आवाज लपवायचा, आणि तो काही तिला लपवता आला नाही. खाली आल्यावर ती अक्काच्या पाया पडली. अक्का खाटेवर बसून ताटात मटार सोलत होती. तिने विनोदिनीचा हात धरला तो सोडलाच नाही.

“हात बर्फ झालाय तुझा. काय झालं?”

“काही नाही, अक्का. उन्हातून आले.”

“मानाजी, तू सांग.”

मानाजीने सांगितलं. अक्काची पकड घट्ट झाली. तिने दुसऱ्या हाताने ताट बाजूला ठेवलं आणि ज्या बाजूने विनोदिनीचा श्वास येत होता तिकडे तोंड केलं.

“खालून येतंय की वरून?”

“खालून.”

“पाणी चढावं तसं? कड हलते का?”

“तुला कसं ठाऊक? तुझं तर मोतीबिंदूचं होतं.”

“मोतीबिंदू नव्हता मला कधी. तो तुझ्या वडिलांनी लोकांना सांगायला केला. माझंही असंच आलं होतं. आधी विजा, मग डोळ्यापुढे माशा, मग खालून पाणी. मी कुणाला सांगितलं नाही. सोळा दिवस. डॉक्टरकडे नेलं तोवर डोळ्याच्या आतला पडदा पुरता सुटून गोळा झाला होता. ते म्हणाले, बाई, फार उशीर केला. मग दुसऱ्या डोळ्याचंही तेच झालं.”

“सोळा दिवस? का नाही सांगितलंस?”

अक्काने विनोदिनीचा हात थोपटला. “घरात लग्न होतं.”

कुणाचं, हे विनोदिनीने विचारलं नाही. त्या वर्षी घरात एकच लग्न झालं होतं. तिच्या कपाळाला हळद लावताना अक्काचा हात गालावर सरकला होता आणि सगळे हसले होते, ते तिला लख्ख आठवलं. अक्काही हसली होती.

“तुझे किती झाले?” अक्काने विचारलं.

“आज अकरावा.”

“मग बसलीस कशाला? ऊठ. मानाजी, गाडी काढ.”

इंदूरच्या दवाखान्यात फोन लावला तर पलीकडच्या बाईने चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, सुट्टी असली तरी डॉक्टर येतील, पेशंटला आडवं झोपवून आणा, बसवू नका, धक्के लागू देऊ नका. हे ऐकून मानाजीचा चेहरा उतरला आणि तो पाहून विनोदिनीची पाचावर धारण बसली. मागच्या सीटवर ती आडवी झाली. मानाजी एरवी वाऱ्यासारखी गाडी हाकणारा, पण आज खड्डा दिसला की बैलगाडीसारखी चालवू लागला.

सहा दिवस जे करायची तिला छाती झाली नव्हती, ते आता तिला थांबवता येईना. तळहात डाव्या डोळ्यावर ठेवायचा आणि गाडीच्या छताकडे बघायचं. छताला मधोमध एक छोटा दिवा होता. दिवा दिसतोय. हात काढायचा. दहापर्यंत मोजायचं. पुन्हा हात. दिवा दिसतोय, पण खालची कड? मघाशी तिथे होती की अजून खाली? टोलनाक्यावर गाडी थांबली, मागचे लोक हॉर्न वाजवू लागले, आणि तिला वाटलं, हे हॉर्न वाजतायत तेवढ्यात दिवा बुडेल.

“चढलं का?” मानाजी पुढून विचारी.

“नाही. माहीत नाही. तू बघून चालव.”

तिच्या मनात शाळेतली आकृती येत होती, दर वर्षी फळ्यावर काढायची ती. डोळ्यात चित्र उलटं पडतं. म्हणजे खालचं दिसत नाही याचा अर्थ पडदा वरून सुटलाय. वरून सुटलेली गोष्ट खालीच येणार. हे ती तीस वर्षं शिकवत आली होती आणि दहा दिवस ताठ बसून, उभी राहून, जिने चढून, बसचे धक्के खात तिने त्या पडद्याला खाली यायला मदतच केली होती.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाहुली मोठी करणारं औषध घातलं, कपाळाला दिवा बांधला, हातातलं भिंग तिच्या डोळ्यासमोर धरून कितीतरी वेळ पाहिलं. तो उजेड इतका प्रखर की विनोदिनीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

“कब से है?” त्यांनी विचारलं.

“चार दिन,” विनोदिनीच्या तोंडून गेलं.

डॉक्टरांनी भिंग खाली घेऊन तिच्याकडे पाहिलं. दाराशी मानाजी उभा होता. विनोदिनीने मान खाली घातली.

“ग्यारह. उसके पहले महीने भर से चमक और धब्बे.”

“सच बताया, अच्छा किया,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदावर गोल काढून दाखवलं. पडदा वरून फाटून सुटला होता. मध्यभागी एक टिंब, ज्याने आपण वाचतो, चेहरा ओळखतो. सुटलेल्या भागाची कड त्या टिंबाला टेकली होती. “टेकली” की “ओलांडली”, ते आत गेल्यावरच कळणार होतं. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं. तोवर उठायचं नाही.

“डोळा जाईल का?” हे तिने मराठीतच विचारलं. डॉक्टरांना ते समजलं असावं.

“कोशिश करेंगे,” त्या म्हणाल्या. विनोदिनीला खोटं का होईना, “नहीं जाएगी” ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरच्चंद्र जबलपूरहून येऊन पोचला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही, तिच्या पायांवर पांघरूण नीट करत राहिला, आणि तेच तिला जास्त लागलं.

ऑपरेशनला डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन बधिर करतात, माणूस जागाच असतो. चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, त्याच्या छिद्रातून फक्त उजवा डोळा बाहेर. दुखत नव्हतं. पण तिला दिसत होतं. डोळ्याच्या आत एक उजेड फिरत होता आणि त्या उजेडात एक बारीक काळी काडी आली, थांबली, वळली, पुन्हा पुढे आली. बाहेरचं काही नाही, आतलंच. काडी मध्याच्या दिशेने सरकली की विनोदिनीला वाटायचं, आता टोचली. ओरडावंसं वाटायचं आणि हललो तर सगळं संपेल या धाकाने ती श्वाससुद्धा मोजून घ्यायची. कुणीतरी नर्स तिचा हात धरून होती. तो हात तिने इतका आवळला की नंतर नर्सने हसत बोटं चोळून दाखवली.

“किती वेळ लागला?” बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“सव्वा तास,” शरच्चंद्र म्हणाला.

डोळ्यात गॅसचा फुगा भरला होता, तो आतून पडद्याला दाबून धरणार होता. त्यासाठी सात दिवस मान खाली घालून राहायचं. जेवताना, झोपताना, बसताना, सदा फरशीकडे तोंड. धारचं घर एवढं लांब, म्हणून ती देवासलाच राहिली. शरच्चंद्राने आठ दिवसांची रजा टाकली. मानाजीची बायको स्वप्नाली तिला ताटाऐवजी वाटीत भात कालवून द्यायची.

त्या दिवसांत विनोदिनीला कळलं की भीती कंटाळतसुद्धा नाही. फरशीवरच्या एका तड्याकडे बघत ती तासन्‌तास बसायची आणि प्रत्येक वेळी पट्टीआड काही चमकलं की वाटायचं, पुन्हा फाटलं. अक्का शेजारी खुर्ची घेऊन बसायची. दोघींपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं, म्हणून कदाचित बोलणं सोपं गेलं.

“अक्का, माझं लग्न नसतं तर तू सांगितलं असतंस.”

“तू उगाच ते ओझं उचलू नकोस,” अक्का म्हणाली. “तुझं नसतं तर घरातल्या दुसऱ्या पोरीचं असतं, तिचं नसतं तर कुणाची मुंज असती. तुझ्या सासरी जगदाळ्यांकडे काय, माहेरी शिंद्यांकडे काय, घरात कार्यं कधी नव्हती? मी भ्याले होते, लेकी. कुणी तोंडाने ‘आंधळी होणार’ म्हणेल, ते ऐकायची भीती. लग्न निमित्ताला मिळालं.”

विनोदिनीने फरशीवरच्या तड्यावरून पायाचा अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, “मला कॅमेरा मिळाला.”

अक्का हसली. पुष्कळ वर्षांनी ती अशी खळखळून हसली, असं स्वप्नाली नंतर म्हणाली.

फुगा विरायला दीड महिना लागला. उजवा डोळा वाचला, पण पहिल्यासारखा नाही. कड त्या टिंबाला नुसती टेकली नव्हती, थोडी आत गेली होती. आता त्या डोळ्याला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, आणि छापील ओळीतली दोन अक्षरं एकमेकांवर चढतात. दहा दिवस आधी आल्या असतात तर, असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. विनोदिनीने ते स्वतःच स्वतःला पुष्कळदा म्हटलं. डाव्या डोळ्यातही पडदा दोन ठिकाणी विरलेला सापडला. तिथे लेझरने डाग देऊन तो शिवल्यासारखा केला. जड उचलायला मनाई झाली आणि भोपळ्याएवढी लेन्स मानाजीकडे गेली.

छोट्या लेन्स तिने ठेवल्या. जानेवारीत एका रविवारी ती धारच्या मुंज तलावावर जाऊन बसली, कॅमेऱ्याला पहिल्यांदाच डावा डोळा लावला. नाक कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चेपत होतं, अंगठा भलत्याच बटणावर जात होता. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते, त्यांना कसली घाई नव्हती, तरी अर्धे फोटो हुकले. जे आले त्यांत एक बरा होता. तो तिने कुणाला पाठवला नाही.

डॉक्टरांनी रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने खिडकीचे गज बघायला सांगितलं होतं. ते काम दहा सेकंदांचं. पण डावा डोळा तपासायची वेळ आली की रोज तिचा हात जड व्हायचा, आणि रोज ती तो उचलायची. फेब्रुवारीतल्या एका सकाळी डाव्या डोळ्याला शेवटचा गज किंचित वाकलेला वाटला. तिने पुन्हा पाहिलं. वाटलंच. पुन्हा पाहिलं तर नाही वाटलं. शाळेत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक यायचे होते, आणि खरोखर तिच्यावाचून अडणार होतं.

तिने आधी मुख्याध्यापकांना फोन लावला, मग मानाजीला, मग शरच्चंद्राला. तिघांनाही तेच सांगितलं: “माझ्या डाव्या डोळ्याला काहीतरी झालंय, मी इंदूरला निघतेय.” डोळा हा शब्द उच्चारताना तिचा आवाज फाटला, पण उच्चारला.

मानाजी देवासहून थेट दवाखान्यात आला. डॉक्टरांनी औषध घातलं, दिवा बांधला, सावकाश, चारी बाजूंनी पाहिलं. विनोदिनी खुर्चीचे हात धरून बसली होती.

“कुछ नहीं है,” त्या म्हणाल्या. “पर्दा ठीक है.”

“पक्का?”

“आज पक्का.”

आज, हा शब्द तिने ऐकला. बाहेर आली तेव्हा औषधाने बाहुल्या फाकलेल्या होत्या, दुपारचं ऊन पांढरं होऊन सगळीकडून अंगावर येत होतं आणि समोरचं काही ओळखू येत नव्हतं. मानाजीने कोपराला धरलं.

“पायरी आहे, जिजी. एक. अजून एक.”

ती त्याच्या हाताला धरून, चाचपत, एकेक पायरी उतरली.